मरुभूमी ते चंबळ : पक्षिदर्शनाच्या एका सहलीची आखणी



सहलीची आखणी म्हटली की रेल्वेचे वेळापत्रक, मुक्कामाची सोय आणि खर्चाचा अंदाज या तीन गोष्टी सामान्यतः प्रथम पुढे येतात. पक्षिनिरीक्षणाच्या सहलीत हा क्रम बदलावा लागतो. येथे पहिले वेळापत्रक पक्ष्यांचे, रेल्वेचे त्यानंतरचे. हे एकदा मान्य केले की पुष्कळशा अडचणी आपोआप सुटतात आणि काही नव्या उभ्या राहतात. राजस्थानच्या पश्चिम टोकाचे थारचे वाळवंट आणि त्याच राज्याच्या पूर्व सीमेवरून वाहणारी चंबळ नदी, अशी दोन परस्परविरुद्ध स्थळे एकाच सहलीत गुंफायची झाल्यास आखणी कशी करावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

महाराष्ट्रातील पक्षिनिरीक्षकाला राजस्थानच्या वाळवंटाची ओढ वाटण्यास एक सबळ कारण आहे, आणि ते म्हणजे माळढोक. या पक्ष्याच्या मराठी नावातच त्याचे घर सांगितलेले आहे. हा माळावरचा पक्षी. सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील माळरानांवर त्याचे वास्तव्य असल्यामुळे १९७९ साली तेथे माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे मूळ क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. इतक्या विस्तारात गावे, शेते, रस्ते आणि बाजारपेठा सारे काही आले, आणि साहजिकच लोकांच्या दैनंदिन व्यवहारांशी अभयारण्याच्या नियमांचा संघर्ष उद्भवला. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे ही अपवादात्मक घटना झाली आहे. १९६९ साली देशभरात या पक्ष्याची संख्या सुमारे १,२६० असावी असा अंदाज होता. आता ती दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानली जाते, आणि त्यातील बहुतेक पक्षी जैसलमेर जिल्ह्यात आहेत. नान्नजला जे दृश्य पाहावयाचे राहिले ते पाहण्यासाठी मराठी माणसाला आता जैसलमेर गाठावे लागते. सहलीला निघण्यापूर्वी ही वस्तुस्थिती प्रत्येकाने मनाशी स्पष्ट केलेली बरी, कारण त्यामुळे माळढोकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

वाळवंट आणि नदी या दोन स्थळांना जोडणारा एक धागा आहे. महसुली कागदपत्रांत माळाला ‘पडीक’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे. नदीतील वाळूच्या बेटाला तर कोणी जमीनही म्हणत नाही. ते केवळ बांधकामासाठी वाळू उचलण्याचे ठिकाण. मात्र माळढोक आपले एकुलते एक अंडे ठेवतो ते असल्या पडीक जमिनीवर, आणि पाणचिरा आपली अंडी घालतो ती तसल्याच उघड्या वाळूवर. दोघेही घरटे बांधत नाहीत. झाडाचा आडोसा, कपारीचा आधार दोघांनाही नको असतो. चारी दिशांना दूरवर नजर जावी आणि शत्रू लांबूनच दिसावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मनुष्याला जी जागा रिकामी दिसते ती या पक्ष्यांच्या दृष्टीने पूर्ण भरलेली असते. म्हणून या सहलीत रिकाम्या जागा पाहण्यासाठी भरपूर वेळ राखून ठेवणे अगत्याचे आहे. दहा दिवसांत बारा ठिकाणे ‘करणाऱ्या’ प्रवाशांसाठी ही सहल नव्हे.

आता काळाचा प्रश्न. सहलीची अर्धी आखणी या एका प्रश्नात सामावलेली आहे. शाळा-महाविद्यालयांतील मंडळींना दिवाळीची सुटी सोयीची वाटते. त्या वेळी भरतपूरला चित्रबलाकांच्या वसाहती पिलांनी गजबजलेल्या असतात आणि मध्य आशियातून आलेले करकोचे वाळवंटात स्थिरावलेले असतात, हे खरे. पण चंबळेचे पावसाळी पाणी तोवर पुरते ओसरलेले नसते आणि वाळूची बेटे नुकती कोठे वर येऊ लागलेली असतात. नाताळची सुटी त्याहून मोहक वाटते. परंतु डिसेंबरच्या अखेरीस व जानेवारीत भरतपूर-धोलपूरच्या पट्ट्यात असे दाट धुके पडते की कित्येकदा सकाळचे दहा वाजले तरी हातभर अंतरावरचा बगळा दिसत नाही, आणि गाड्या तासन् तास खोळंबतात. उन्हाळ्याच्या सुटीत पाणचिऱ्यांची वीण पाहता येईल, पण थारमधील उन्हात मनुष्यच टिकणार नाही आणि करकोचे तर केव्हाच उत्तरेकडे निघून गेलेले असतील.

कांड्या करकोचे साधारणतः फेब्रुवारीच्या अखेरीपासून परतू लागतात, तर पाणचिरे त्याच सुमारास विणीसाठी चंबळेवर जमू लागतात. एक पाहुणा निरोप घेत असतो आणि दुसरा दारात येत असतो. ही संधी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, जेमतेम दोन आठवडे असते. धुके निवळलेले, दिवस उबदार, भरतपूरची हिवाळी बदके अद्याप मुक्कामास, असा हा काळ होय. परीक्षांचे दिवस असल्यामुळे शिक्षक व विद्यार्थी यांची गैरसोय होते, हे मान्यच आहे. पण पक्ष्यांच्या पंचांगात परीक्षा नसतात.

प्रवासाची दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे असावी. करकोचे लवकर जाणारे, म्हणून वाळवंट आधी. पाणचिरे उशिरा येणारे, म्हणून नदी शेवटी. मुंबईहून रेल्वेने जोधपूर आणि तेथून मोटारीने सुमारे १४० किलोमीटरवर फलोदी. फलोदीजवळच खिचन नावाचे गाव आहे. या गावातील रहिवाशांनी, विशेषतः जैन कुटुंबांनी, कांड्या करकोच्यांना धान्य घालण्याची प्रथा गेल्या काही दशकांपासून चालविली आहे. राजस्थानात या पक्ष्याला कुरजां म्हणतात. प्रारंभी काही थोडे पक्षी येत. आता हिवाळ्यात ते हजारोंनी येतात. गावाने त्यांच्यासाठी कुंपण घातलेले ‘चुग्गाघर’ बांधले आहे. पहाटे धान्य पसरले जाते आणि उजाडल्यावर थव्यामागून थवे उतरू लागतात. प्रथम दोन-चार पक्षी टेहळणीसाठी घिरट्या घालतात, मग एकाएकी सारे आकाश खाली येते. जून २०२५ मध्ये खिचनचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांत समावेश झाला.

खिचनला एक संध्याकाळ आणि एक सकाळ पुरेशी आहे. सकाळी पक्षी दाणे टिपतात, तर दुपारी गावाजवळच्या तलावांच्या काठी विसावतात. या दोन्ही दृश्यांचा स्वभाव वेगळा आहे आणि छायाचित्रांची घाई नसणाऱ्याला दुपारचे दृश्य अधिक काही देऊन जाते. पाहुण्यांनी गावकऱ्यांच्या घरांच्या गच्चीवर चढण्यापूर्वी परवानगी मागावी. वास्तविक हे सांगण्याची आवश्यकता पडू नये.

फलोदीहून जैसलमेर सुमारे १६५ किलोमीटर आहे. येथे किमान तीन रात्रींचा मुक्काम धरावा. मरू राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखले जाणारे ३,१६२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. ‘उद्यान’ या शब्दावरून हिरवळीचे चित्र डोळ्यांसमोर आणणाऱ्याची येथे निराशा होईल. वाळूच्या टेकड्या त्यात थोड्याच आहेत. अधिक आहे ती खडकाळ सपाटी, सेवण गवताचे पुंजके, केरांची झुडपे आणि मधूनमधून खेजडी, म्हणजे मराठी मुलखातील शमी. सुदासरी येथील कुंपणाने राखलेल्या क्षेत्रात गवत टिकून असल्याने माळढोक दिसण्याची शक्यता तेथे अधिक. उद्यानात जाण्यासाठी जैसलमेर येथील वनविभागाच्या कार्यालयाची परवानगी आवश्यक असते. हा प्रदेश आंतरराष्ट्रीय सीमेलगतचा असल्यामुळे काही ठाण्यांच्या हद्दीत बाहेरच्या व्यक्तींच्या प्रवेशावर निर्बंध आहेत. म्हणून ओळखपत्रे जवळ असावीत, अर्ज वेळेत करावेत आणि मार्गदर्शकाने ‘तिकडे जाऊ नये’ असे म्हटल्यावर वाद घालू नये.

माळढोक दिसेलच, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यापासून सावध राहावे, कारण अशी हमी पाळण्यासाठी मोटार पक्ष्याच्या मागे घालावी लागते. मीटरभर उंचीचा आणि नर असल्यास पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उडण्यापेक्षा चालणे पसंत करतो. त्याला उडावयास लावणे म्हणजे त्याच्यावर मोठे संकट आणणे. याचे कारण त्याच्या डोळ्यांच्या ठेवणीत आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला चौफेर दिसते, परंतु नेमके समोरचे अस्पष्ट दिसते. अंग जड, त्यामुळे ऐन वेळी वळणे अवघड. उंच वीजवाहिन्यांची तार समोर आली की तो तिच्यावर आदळतो. थारमधील सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात वीजवाहिन्यांमुळे सर्व जातींचे मिळून दरवर्षी सुमारे ८४,००० पक्षी मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे.

या प्रश्नात सोपा खलनायक सापडत नाही, ही त्यातील खरी अडचण होय. या तारांतून वाहणारी वीज मुख्यतः सूर्य आणि वारा यांपासून निर्माण झालेली आहे. म्हणजे ज्या उपायाने हवा स्वच्छ राहावी, त्या उपायानेच माळढोकाचे आकाश तारांनी विणले गेले. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या क्षेत्रातील वाहिन्या जमिनीखालून नेण्याविषयी आदेश दिले. त्यातील तांत्रिक अडचणी व खर्च लक्षात घेऊन मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश बदलला व तज्ज्ञांची समिती नेमली. दरम्यान २०१९ पासून माळावरून अंडी गोळा करून सम येथील केंद्रात पिले वाढविण्याचे काम सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाद्वारे पहिले पिल्लू जन्मास आले. हे यश मोठे आहे. मात्र ही पिले मोकळी सोडावयाची ती कोठे, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही, ते माळावरच मिळावे लागेल.

जैसलमेरच्या मुक्कामात एक दिवस ‘ओरण’ पाहण्यासाठी ठेवावा. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले गवताळ रान, आपल्याकडील देवराईचे वाळवंटी भावंड. कोकणातील देवराई दाट, अंधारी आणि ओलसर, तर येथील ओरण उघडे आणि उन्हात तळपणारे. पण कुऱ्हाड न लावण्याचा संकेत दोन्हीकडे एकच. देगराय मातेच्या ओरणासारख्या ठिकाणी गावकरी उंट-शेळ्या चारतात, लाकूड तोडत नाहीत, आणि त्याच कारणाने तेथे गिधाडे, रणगोजे, चंडोल, पखुर्ड्या व नशिबाने धाविकही आढळतात. सर्वेक्षणाच्या नकाशावर मात्र अशी पुष्कळशी राने पडीक या सदराखाली मोडतात. वाळवंटातील दुर्मीळ असा स्टोलिझ्का गप्पीदास पाहावयाचा असेल तर अशाच जागी सकाळच्या कोवळ्या उन्हात झुडपांचे शेंडे न्याहाळत बसावे. हा पक्षी चिमुकला, रंगाने मातकट आणि दिसण्यास फारसा आकर्षक नाही, तथापि जगभरचे निरीक्षक त्याच्यासाठी येथवर येतात.

जैसलमेरहून बिकानेर सुमारे ३३० किलोमीटर. वाटेत ठिकठिकाणी इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पोहोचल्याच्या खुणा दिसतात. सतलज-बियास संगमावरील हरिके येथून निघालेल्या या कालव्याने जेथे केवळ बाजरी होत असे तेथे गहू, मोहरी आणि कापूस आणला. लोकांची तहान भागली, स्थलांतर थांबले. या लाभाचे मोल कोणीही कमी लेखू नये. पण पाणी आले तसे गवताचे रान नांगराखाली गेले, आणि माळावरचे पक्षी मागे सरून पाणवठ्याचे पक्षी पुढे आले. मोटारीच्या काचेतून एका बाजूस रणगोजा आणि दुसऱ्या बाजूस शेकाट्या दिसू लागला की कालवा जवळ आला असे खुशाल समजावे.

बिकानेरजवळच्या जोडबीड येथे मेलेल्या उंटांची व गुरांची कलेवरे टाकली जातात. नाक दाबून पाहण्याचे हे ठिकाण आहे, आणि तरीही ते आखणीतून वगळू नये. उत्तरेकडून आलेली ग्रिफन गिधाडे, प्रचंड आकाराची काळी गिधाडे, पांढरी गिधाडे आणि शेकड्यांनी बसलेले गरुड एका नजरेत दिसावेत अशी ठिकाणे आता देशात फार थोडी आहेत. गुरांना वेदनाशामक म्हणून दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते, हे सिद्ध झाल्यावर २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर भारतातील काही जातींची गिधाडे शेकडा नव्वदहून अधिक नाहीशी झाली होती. जोडबीडला भटक्या कुत्र्यांचे मोठमोठे कळप असतात, म्हणून मोटारीतून उतरू नये.

हाताशी एखादा दिवस असेल तर चुरू जिल्ह्यातील ताल छापर या लहानशा गवताळ अभयारण्यात तो घालवावा. काळविटांचे कळप आणि सायंकाळी गवतात विसाव्यास उतरणारे भोवत्या पक्षी हे त्याचे वैशिष्ट्य. तेथून जयपूरमार्गे भरतपूर.

भरतपूरविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे थोडक्यात सांगितले तरी चालेल. केवलादेव राष्ट्रीय उद्यान अवघे २९ चौरस किलोमीटरचे आहे. त्यातील तळी मानवनिर्मित असून संस्थानी काळात ती बदकांच्या शिकारीसाठी राखलेली होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, आणि तो आकडा उद्यानातील शिलालेखावर कोरलेला आजही वाचावयास मिळतो. डॉ. सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी येथे पक्ष्यांना कडी घालण्याचे कार्य दीर्घकाळ केले. १९८५ साली या स्थळाचा जागतिक वारशात समावेश झाला.

पण निरीक्षकाने जाणून घ्यावी अशी भरतपूरची कथा यापेक्षा वेगळी आहे. १९८२ मध्ये उद्यानात म्हशी चारण्यास बंदी घालण्यात आली. आसपासच्या गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे दगावली. बंदीने पक्ष्यांचे भले होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात म्हशी गेल्यावर पाण्यातील गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि बदकांना उतरण्यास जागा उरेना. सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे अभ्यास करून हे दाखवून दिले. निसर्गरक्षणाच्या इतिहासात हे उदाहरण वारंवार दिले जाते, आणि ते द्यावयासच हवे. पुढे नदीवर वरच्या अंगाला झालेल्या पांचना धरणामुळे पाण्याचा ओघ आटला आणि काही वर्षे तळी कोरडी पडली. आता इतर स्रोतांबरोबर चंबळेचे पाणीही नळाद्वारे येथे आणले जाते. सायबेरियाहून येणारे पांढरे क्रौंच २००२ नंतर मात्र पुन्हा आले नाहीत.

भरतपूरला तीन दिवस द्यावेत. उद्यानात सायकलरिक्षा चालविणारी मंडळी पक्ष्यांची उत्तम जाणकार आहेत. त्यांतील अनेकांना वर्षानुवर्षांच्या सहवासाने झाडावरचे घुबड नेमके कोठे बसलेले असते हेदेखील ठाऊक असते. त्यांना ठरलेल्या दराने पूर्ण दिवसासाठी घ्यावे आणि दर उतरवून घेण्याची हौस बाजारासाठी राखून ठेवावी. सारस क्रौंचाची जोडी, चित्रबलाक, सर्पपक्षी, जांभळा बगळा, चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदके ही येथे सहसा चुकत नाहीत.

शेवटचा टप्पा चंबळेचा. आग्र्यावरून धोलपूरला येताना लागणारा राजमार्ग मराठी प्रवाशाला अपरिचित नाही. नाशिक-धुळ्यावरून निघालेला मुंबई-आग्रा रस्ता तो हाच. महूजवळ जानापावच्या डोंगरात जेथे चंबळ उगम पावते तेथूनही हा रस्ता जवळून जातो, आणि धोलपूर-मुरैना यांच्या दरम्यान तोच तिला पुलावरून ओलांडतो. चर्मण्वती हे तिचे प्राचीन नाव. लोकसमजुतीने तिला शापित ठरविल्यामुळे तिच्या काठी मोठी तीर्थक्षेत्रे वसली नाहीत. दोन्ही तीरांवरील बेहडांत, म्हणजे मातीच्या घळींत, दरोडेखोरांचे वास्तव्य असल्याने कारखानेही आले नाहीत. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नाने शेकडो दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली. नदी स्वच्छ राहिली ती काही अंशी शापामुळे आणि काही अंशी भीतीमुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तीन राज्यांत मिळून राष्ट्रीय चंबळ अभयारण्य स्थापन झाले, ते प्रामुख्याने सुसरींसाठी. लांबट तोंडाची, केवळ मासे खाणारी ही सुसर आज जगात सर्वाधिक संख्येने येथेच आढळते. २००७-०८ च्या हिवाळ्यात येथे शंभराहून अधिक सुसरी मरण पावल्या. तरीही त्यांनी पुन्हा जम बसविला. नौकेतून जाताना वाळूवर पहुडलेल्या सुसरी, मगरी आणि कासवे, मधेच श्वासासाठी वर येणारा डॉल्फिन, काठावरील नदी टिटवी, मोठा करवानक आणि पट्टकादंब हंसांचे थवे हे सारे शांतपणे सरकत राहते.

पाणचिऱ्याची चोच नारिंगी आणि अजब घडणीची, खालचा भाग वरच्या भागाहून लांब. पाण्याला अगदी लागून उडत तो ही खालची चोच पाण्यातून नेतो आणि मासा लागताच ती मिटतो. कापड फाडावे तशी पाण्यावर रेघ उमटत जाते. नाव कोणी ठेवले कोणास ठाऊक, पण अचूक ठेवले. जगभरात या जातीचे प्रौढ पक्षी तीन हजारांच्या आत उरले असल्याचा अंदाज आहे, आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याची गणना संकटग्रस्त जातींत झाली. मार्चपासून तो वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. नदीचे पाणी फार उतरले तर बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री, कोल्हे व गुरे पायी तेथे पोहोचतात. वरच्या गांधीसागर, राणाप्रताप सागर, जवाहर सागर व कोटा येथील बांधांतून एकाएकी पाणी सुटले तर अंडी वाहून जातात. वाळूउपसा बंदी असूनही पूर्णपणे थांबलेला नाही. अशा स्थितीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काठच्या गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार नेमण्याचा उपक्रम हाती घेतला. या कार्यासाठी संस्थेच्या शास्त्रज्ञ परवीन शेख यांना २०२५ साली व्हिटली पारितोषिक मिळाले. मुंबईतील संस्थेचे काम चंबळेच्या वाळूवर पाहावयास मिळणे, हा मराठी पर्यटकाला या सहलीचा अनपेक्षित लाभ होय.

नौका वनविभागाच्या ठरलेल्या घाटांवरूनच घ्यावी. राजस्थानात पालीघाट व धोलपूर, मध्य प्रदेशात मुरैनाजवळील राजघाट ही ठिकाणे सोयीची आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीस पाणचिरे बेटांवर जमलेले असतात, पण अंडी सहसा नसतात. म्हणून हा काळ पाहणाऱ्यालाही बरा आणि पक्ष्यालाही बरा. तरीसुद्धा बेटावर उतरण्याचा आग्रह धरू नये. नावाडी तयार झाला तरी धरू नये. दोन सकाळी आणि एक संध्याकाळ एवढा वेळ नदीसाठी ठेवावा.

सामानाविषयी थोडेसे. आठपट किंवा दहापट शक्तीची दुर्बीण प्रत्येकाची स्वतंत्र असावी. एका दुर्बिणीवर तिघे म्हणजे तिघांचेही नुकसान. थारमधील फेब्रुवारीच्या पहाटेही बोचऱ्या असतात, त्यामुळे लोकरीचे कपडे लागतात, आणि ते मातकट रंगाचे असावेत. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ निघण्यापूर्वी घरी चाळावा, म्हणजे पक्ष्यांची मराठी नावे जिभेवर बसतात. मोबाइलवर ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणे आणि माळढोकाच्या नेमक्या ठिकाणाची माहिती छायाचित्रासह सर्वत्र पसरविणे, या दोन गोष्टी पूर्णतः वर्ज्य समजाव्यात. गटात आठांहून अधिक माणसे नसावीत. दोन मोटारी झाल्या की एक नेहमी दुसरीची वाट पाहत राहते आणि तेवढ्यात पक्षी जातो.

एकूण तेरा-चौदा दिवस आणि परतीचा प्रवास ग्वाल्हेरहून, असा हिशोब धरावा. धोलपूरहून ग्वाल्हेर दोन तासांच्या आत गाठता येते व मुंबईच्या गाड्या तेथे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण ६० दिवसांवर आले आहे. म्हणजे १५ फेब्रुवारीस निघावयाचे असल्यास जोधपूरची तिकिटे डिसेंबरच्या मध्यास काढावी लागतील, आणि जैसलमेरच्या वनकार्यालयाकडे पत्रव्यवहार त्याच्याही आधी, नोव्हेंबरमध्येच सुरू करावा लागेल.